उशापायथ्याचा इतिहास

सिरसाळा हे परळी तालुक्यातील, परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. दिवाळी आटोपली की आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक गावांप्रमाणे इथल्याही अनेक दारांना कुलपे लागतात. माणसे ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली मुले. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते. एकटाच गडी गेला तर तो ‘अर्धा कोयता’. उचलही त्या मानाने कमी.

मागच्या हंगामात अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना तैलाभ्यंग द्यायला मी सिरसाळ्याला गेलो होतो. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. मुलगा कारखान्यावर ‘अर्धा कोयता’ होऊन गेला होता, कारण सून सासूसाठी घरी राहिली होती. मी दारात पोहोचलो तेव्हा ती अंथरूण बदलत होती. खोलीत ओल्या गोधडीचा आणि लघवीचा वास कोंदला होता. ‘‘थांबा फादर, आवरते जरा,’’ ती म्हणाली आणि मी अंगणात थांबलो. खरे सांगायचे तर तिने थांबायला सांगितल्याचे मला बरेच वाटले. पौरोहित्याच्या इतक्या वर्षांत मी असंख्य आजाऱ्यांच्या उशाशी उभा राहिलो आहे, पायथ्याशी क्वचितच. उशाशी प्रार्थना असते, डॉक्टरांची तपासणी असते, नातलगांचे अश्रू असतात. पायथ्याशी बादली, फडके आणि बेडपॅन असते. तिथे बहुधा एकच माणूस असते, आणि ते बहुधा बाईमाणूस असते.

त्या अंगणात उभा असताना वाटले, इतिहासानेही असेच केले आहे. तो उशाशी थांबला. रुग्णालये कोणी बांधली, कोनशिला कोणी बसवली, लस कोणी शोधली, हे सारे लिहिलेले आहे. रात्री दोन वाजता कूस कोणी बदलली, हे कोठेच नाही.

आपल्या शुभवर्तमानातही या रात्रीची जागा रिकामीच आहे. चांगल्या शमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. तेल आणि द्राक्षारस, जखमेवरची पट्टी, आपल्या जनावरावर बसवणे, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवलेले दोन दीनार. प्रवचनात आम्ही दीनारांपाशी रेंगाळतो. पण ‘दुसऱ्या दिवशी’ या शब्दांत एक अख्खी रात्र दडलेली आहे. अर्धमेल्या माणसाबरोबर त्या परक्याने काढलेल्या त्या रात्री काय काय करावे लागले असेल, हे ज्यांनी घरी आजारी माणूस सांभाळले आहे त्यांना सांगायला नको.

संत फ्रान्सिस झेवियरचे नाव आपल्याकडे कोणत्या घरात नाही? त्याचा क्रूस, त्याची घंटा, त्याने दिलेले बाप्तिस्मे, समुद्रावरचे चमत्कार, जुन्या गोव्यातील त्याचे शव हे सारे आपल्याला ठाऊक असते. पण भारतात येण्याच्या पाच वर्षे आधी, १५३७ साली, पॅरिस विद्यापीठात शिकलेला हा खानदानी तरुण व्हेनिसमधील असाध्य रोग्यांच्या इस्पितळात झाडलोट करीत होता, अंथरुणे घालीत होता, रोग्यांना धूत होता आणि मेलेल्यांसाठी खड्डे खणीत होता. तेथील एका चर्मरोग्याने त्याला पाठ खाजवून देण्यास सांगितले. झेवियरला शिसारी आली आणि संसर्गाची भीतीही वाटली. ती भीती मोडावी म्हणून त्याने त्या व्रणातील पू बोटाने तोंडात घातला, असे चरित्रकार सांगतात. हे कृत्य आज कोणी करू नये. कोणतीही परिचारिका त्याला खडसावेल, आणि ते योग्यच होईल. मला या गोष्टीत पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तो रोग आपल्या घशात चिकटून बसला आहे, असे त्या रात्री त्याला स्वप्नात दिसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते सोबत्याला सांगून टाकले. म्हणजे संतालाही किळस येत होती. नाकातोंडाला पदर लावून काम करणाऱ्या आपल्या बायकांनी हे ऐकलेले बरे.

६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरला तो थेट इस्पितळात राहायला गेला. अत्यवस्थ रोग्याच्या खाटेजवळ तो जमिनीवरच निजत असे आणि हाक येताच उठत असे, अशी परंपरा आहे. रविवारी तो शहराबाहेरील कुष्ठरोग्यांकडे मिस्सा अर्पण करायला जाई, हे त्याच्या पत्रातूनच कळते. गोव्याचे ते राजेशाही इस्पितळ पुढे येशूसंघीयांच्या देखरेखीखाली आले. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०८ साली आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला. तेथील लाखेने रंगवलेल्या खाटा, स्वच्छ अंथरुणे आणि जेवणाचा थाट पाहून तो थक्क झाला होता. मात्र हा थाट मुख्यत्वे पोर्तुगीज शिपाई-खलाशांसाठी होता, हेही विसरू नये. आपल्या धर्मबंधूंच्या कौतुकात आपण अशा गोष्टी वगळतो.

त्याच काळात रोममध्ये कामिल्लुस दे लेलिस हा जुगारी शिपाई पायाच्या न भरणाऱ्या जखमेसह इस्पितळात आला आणि तेथेच सेवेला राहिला. पैशांसाठी काम करणारे नोकर रोग्यांना कसे फरफटतात, उपाशी कसे ठेवतात, मेला म्हणून जिवंत माणसालाही कसे उचलून नेतात, हे त्याने पाहिले. १५८६ साली त्याच्या संघाला पोपमहोदयांची मान्यता मिळाली. छातीवर तांबडा क्रूस हे त्यांचे चिन्ह. एकुलते एक मूल आजारी पडल्यावर आई जशी करील तशी प्रत्येकाने रोग्याची सेवा करावी, असा त्याने घालून दिलेल्या नियमांचा गाभा आहे. अन्न कसे भरवावे, अंथरूण कसे घालावे, येथपर्यंत तो बारकाईने बोलतो. पुढे ख्रिस्तसभेने त्याला आणि संत जॉन ऑफ गॉड याला परिचारकांचे आश्रयदाते संत मानले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे, आपल्यापैकीच एक. त्यानंतर जे घडले त्यात उंदीर, लस आणि राजकारण यांचा इतिहास भरपूर लिहिला गेला. परंतु लोक इस्पितळाला रोगाइतकेच का भ्याले, याची कारणे उशापायथ्याशी सापडतात. माणूस एकदा आत नेला की त्याच्या तोंडात पाणी कोण घालणार, कोणाच्या हातचे घालणार, बाईच्या अंगाला कोण हात लावणार, प्राण गेल्यावर देह कोण धुणार? या प्रश्नांना उत्तर मिळत नव्हते म्हणून घरोघर आजारी माणसे लपवली गेली. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळे उघडली तीही मुख्यतः याच कारणाने. पुण्यात १८९७ साली रँडसाहेबाच्या शिपायांनी घरांत शिरून माणसांच्या काखा-जांघा तपासल्या. त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला. पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी उघडपणे लिहिले आणि सरकारचा रोष पत्करला. साथ आटोक्यात आणायलाच हवी होती, यात शंका नाही. पण माणसाच्या अंगाला हात लावताना त्याची लाज राखावी लागते, हे सरकारच्या ध्यानात आले नाही. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढावा लागला. आणि आपली माणसे शेवटच्या क्षणी आपल्या हाताच्या स्पर्शाविना गेली, हे दुःख आपल्यातील कित्येक घरांनी अजून उरात धरून ठेवले आहे.

त्याच प्लेगात, त्याच पुण्याजवळ, एक वेगळा स्पर्शही घडला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात पोहोचवले. त्यांचे वय तेव्हा ६६ होते. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या शाळेचा इतिहास आपण मुलांना शिकवतो, आणि शिकवलाच पाहिजे. पण गावकुसाबाहेरच्या, तापाने फणफणलेल्या पोराला पाठीवर घेतलेली ती म्हातारी बाई आपल्या चित्रांत क्वचितच दिसते.

शुश्रूषेचे काम आपल्या समाजात हलके मानले गेले, हे कबूल करायला हवे. मलमूत्र, रक्त आणि पू यांना शिवणे म्हणजे विटाळ. त्यातून परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा आणि रात्रपाळी करायची. बऱ्या घरच्या मुलींना हे काम कोण करू देणार? त्यामुळे भारतातील पहिल्या पिढ्यांतील प्रशिक्षित परिचारिका मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती होत्या. त्या मिशनच्या इस्पितळांत तयार झाल्या. धर्मभगिनी होत्या, गोव्याच्या होत्या, अँग्लो-इंडियन होत्या, पुढे केरळच्या आल्या. आज कोणत्याही जातिधर्माची परिचारिका असो, रोगी तिला ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतो. परदेशातील इस्पितळांत धर्मभगिनींनी काम केले, त्यांच्यामुळे वॉर्डप्रमुखाला ही पदवी चिकटली आणि इंग्रजी अमदानीबरोबर ती आपल्याकडे आली. परळीच्या बसस्थानकावरचा माणूसही हा शब्द वापरतो, पण तो कोठून आला हे त्याला ठाऊक नसते. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा अखंड हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक.

आणि आपणही या बायकांना पुरता मान दिला असे नाही. नर्स असलेल्या मुलीच्या पगारावर घर बांधले जाते, भावंडांची शिक्षणे होतात. पण सोयरीक जुळवताना ‘रात्रपाळी करते’ हे वाक्य खालच्या आवाजात उच्चारलेले मी माझ्या कार्यालयात बसून ऐकले आहे.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठे वाटते ते पान मुंबईतील परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे आहे. १९२६ साली सुरू झालेले हे महापालिकेचे रुग्णालय. उत्तर कन्नडमधील हळदीपूरची अरुणा शानबाग तेथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली. त्या गुन्ह्याचे तपशील येथे नकोत. गुन्ह्याबद्दल लोक बोलले, लिहिले, नाटक-पुस्तके झाली. मला सांगायचे आहे ते नंतरच्या ४२ वर्षांबद्दल.

आईवडील गेले, नातलग काळाच्या ओघात दुरावले. वॉर्ड क्रमांक ४ शेजारच्या एका लहान खोलीत ती राहिली आणि तिला सांभाळले तेथील परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. खाट मोकळी करण्यासाठी तिला हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकाच आडव्या आल्या. अन्न कुस्करून मऊ करायचे, ओठाला लावायचे, ती गिळते का पाहायचे. नखे कापायची, केस विंचरायचे, अंग पुसायचे. हे सारे पगारी नोकरीतले काम होते, कोणी नवस केला नव्हता. म्हणूनच मला ते अधिक थोर वाटते. एक परिचारिका तर निवृत्तीनंतरही पगार आणि प्रवासखर्च न घेता हे काम करायला तयार होती, असे रुग्णालयाने न्यायालयाला कळवले.

अशा रोग्याचे खरे वैरी म्हणजे शय्याव्रण. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबली की तेथला रक्तप्रवाह थांबतो आणि काही तासांत कातडी मरू लागते. माकडहाड, टाचा आणि खुबे येथून सुरुवात होते. ओल राहिली तर लवकर होते. आधी लाली, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारा खड्डा. त्यावर मुख्य उपाय म्हणजे ठरावीक वेळाने कूस बदलणे आणि अंग कोरडे ठेवणे. दर दोन तासांनी धरले तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा, ३७ वर्षांत १,६२,०६० वेळा. हा माझा हिशेब आहे, रुग्णालयाच्या नोंदवहीतला नव्हे. पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हे प्रकरण आले तेव्हा ३७ वर्षांत अरुणाला एकदाही शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदली गेली. इतक्या परिचारिकांची इतक्या वर्षांची साक्ष एका धड राहिलेल्या पाठीने दिली.

न्यायालयापुढचा अर्ज होता पिंकी विराणी यांचा. अरुणाच्या जीवनावर पुस्तक लिहिणाऱ्या या पत्रकार. तिला देण्यात येणारे अन्न थांबवावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना निर्दय म्हणण्याचा मोह आपल्या वर्तुळात अनेकांना झाला. मला तो अन्याय वाटतो. या बाईंनी अरुणाला जगाच्या विस्मृतीतून बाहेर काढले. दोन्ही बाजू एकाच शब्दासाठी झगडत होत्या, आणि तो शब्द होता ‘सन्मान’. एक म्हणत होती, असे जगण्यात सन्मान नाही. दुसरी काही म्हणत नव्हती. ती अंथरूण बदलत होती.

न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी अरुणाला तपासले. रुग्णालयाच्या वतीनेही निवेदन दिले गेले. त्यातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शौचाला किंवा लघवीला व्हायचे असले की ती काही आवाज करते, परिचारिकांना तो ओळखता येतो आणि त्या तिला शौचालयाकडे नेतात, असे त्यात होते. दुसऱ्या कोणाला तो आवाज निरर्थक वाटला असता. ‘शुश्रूषा’ हा आपला शब्द संस्कृतातील ‘श्रु’ धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. सेमिनरीत संस्कृत शिकताना ही व्युत्पत्ती मी पाठ केली होती. ती समजली मात्र हे निवेदन वाचल्यावर.

७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. उपचार थांबवण्याची परवानगी काही अटींवर देता येईल, असे न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले; अरुणाच्या बाबतीत मात्र अर्ज फेटाळला. आणि एक मोलाची गोष्ट सांगितली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार पुस्तक लिहिणाऱ्या हितचिंतकाचा नाही. रात्रंदिवस तिची काळजी वाहणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे. पायथ्याशी उभे राहणाऱ्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने असा अधिकार दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले. शेवटच्या वर्षांत तिला नळीने अन्न द्यावे लागत होते.

नळीचा विषय निघाला म्हणून थोडे सांगतो, कारण घरोघरी हा प्रश्न मला विचारला जातो. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले की असाधारण उपायांनी जीव धरून ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणजे व्हेंटिलेटरचा बोजा निरर्थक ठरला असता तो नाकारणे हे पाप नव्हे. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुसरी बाजू मांडली: शुद्ध हरपलेल्या रोग्याला अन्नपाणी देणे, मग ते नळीने का असेना, हे औषधोपचार नसून साधी माणुसकीची काळजी आहे, आणि जोवर ते त्याच्या शरीराला लागते तोवर ते देणे आपले कर्तव्य आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्रालाही मान्यता दिली. तेव्हा असे निर्णय यापुढे आपल्या घरांत वरचेवर घ्यावे लागतील. घेताना एक करा. रोज अंग पुसणारी जी कोणी असेल, सून असो, मुलगी असो, पगारी बाई असो, तिला बैठकीत बसवा आणि आधी तिला विचारा. बहुधा ती त्या वेळी चहा करायला आत गेलेली असते.

सिरसाळ्याच्या त्या अंगणात मी दहा मिनिटे उभा होतो. मग आतून हाक आली, पण आवरल्याची नव्हे. ‘‘फादर, जरा कुशीवर धरा की. एकटीला आवरंना.’’ मी तेलाची डबी खिडकीत ठेवली आणि आजींच्या खांद्याला व कमरेला हात लावून त्यांना कुशीवर धरले. हाडे हाताला लागत होती. सुनेने पाठ पुसली, कोरडी केली, माकडहाडाजवळची लाली बोट दाबून पाहिली, पावडर लावली. चादर तिने अशी ओढली की सासूचे अंग क्षणभरही उघडे पडले नाही, माझ्यासमोरही नाही. त्यानंतर तैलाभ्यंग झाला. कपाळाला आणि तळहातांना तेल लावताना आजींच्या तोंडून एक घोगरा आवाज निघाला. मला वाटले पाणी हवे असेल. मी तांब्याकडे हात नेला.

‘‘पाणी नाही मागायल्या त्या,’’ सून म्हणाली. ‘‘पाय आखडलाय.’’ आणि तिने पायथ्याशी बसून पाय हळूहळू सरळ केला.